गिरणीचं भंगार, आमची खेळणी



रानातलं आज फार काही लिहिण्यासारखं नाही. चार दिवस नुसती रिपरिप चालू आहे. आल्याच्या सऱ्यांमधलं तुंबलेलं पाणी काढून दिलंय, बाकी कामं वापशाची वाट बघत बसलीत. दराचं तर विचारूच नका. पाचशे किलोच्या गाडीला व्यापाऱ्यानं जो दर सांगितला तो ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हटलं, या कानात बिघाड असेल. दुसऱ्या कानातही तोच दर आला.

म्हणून आज खेळण्यांवर लिहितो. हसू नका. पैशाची ओढाताण सुरू झाली की मला खेळणी आठवतात, आणि त्याला कारण आहे.

पेजवरच्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण मी जन्मानं लालबागचा. आमचं गाव खटाव तालुक्यातलं, दुष्काळी पट्टा. आमचे आण्णा, म्हणजे वडील, तरुणपणी मुंबईला गेले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. मी बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत मुंबईतच वाढलो. लोक विचारतात, मुंबई सुटली, आठवण येत नाही का? मी सांगतो, मुंबई सुटली खरी, पण माहीम आणून रानात लावलंय. आलं लावणाऱ्यांना कळेल. ज्यांना नाही कळलं त्यांनी शेजारच्या आलेवाल्याला जात विचारा.

तर चाळीतली आमची खोली दहा बाय बाराची. माणसं सात, शिवाय गावाकडनं आलेला एखादा पाहुणा, जो दोन दिवसांसाठी यायचा आणि दोन वर्षं राहायचा. एवढ्या जागेत खेळणी ठेवणार कुठं? आणि विकत घेणार कोण? दादरला गेलो की रानडे रोडवर दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहायचं. आई हात धरून ओढायची. काचेवर नाकाचा ओला ठसा राहायचा. तेवढंच आमचं त्या दुकानाशी गिऱ्हाईकपण.

पण आमच्याकडं खेळण्यांना तोटा नव्हता. सगळा माल गिरणीतनं यायचा. चोरून नाही हं, गेटवर झडती असायची. मोडलेलं, फुटलेलं, भंगारात टाकलेलं मागून आणायचं. घरोघरी कुणी ना कुणी गिरणीत असल्यामुळं प्रत्येक पोराचा आपापला पुरवठादार होता. कुणाचा बाप कताईत, कुणाचा काका कापड-घड्यांच्या खात्यात, कुणाचा मामा मेकॅनिक. त्यावर त्या पोराची गल्लीतली पत ठरायची.

मेकॅनिकचा भाचा म्हणजे राजा. त्याच्याकडं झिजलेली बेरिंगं. फळीला खाली तीन बेरिंगं लावायची, पुढचं एक दोरीनं वळवायचं, झाली गाडी. ती घेऊन आम्ही चिंचपोकळीच्या पुलाच्या उताराला जायचो. बेरिंगं डांबरावरनं अशी खरडत जायची की समोरून येणाऱ्या माणसाला वाटावं एखादी लोकल रूळ सोडून रस्त्यावर आली. ब्रेक नव्हता. ब्रेक म्हणजे आपले गुडघे.

कताईवाल्याच्या पोराकडं कागदाचे कोन. सूत गुंडाळायला पुठ्ठ्याचे निमुळते कोन असतात, ते. त्याच्या बारीक टोकात तोंड घालून ओरडलं की हुबेहूब गिरणीचा भोंगा. आमच्या मजल्यावर एकजण यात एवढा तरबेज होता की एकदा भर दुपारी त्यानं भोंगा दिला आणि रात्रपाळी करून झोपलेले शेजारचे काका दचकून उठले, पायजम्यावर सदरा चढवला, डबा घेतला आणि दोन जिने उतरून खाली गेले. खाली गेल्यावर त्यांना कळलं, डबा रिकामा आहे आणि ऊन डोक्यावर आहे. त्यानंतर तो भोंगेवाला आठवडाभर गॅलरीच्या त्या टोकाला फिरकला नाही.

आण्णा साच्यावर, त्यामुळं माझ्याकडं लाकडी कांड्या, जाड बाबिनी आणि एक धोटा. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं पळतो तो, बोटीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. माझ्याकडचा चिरलेला होता. तो कधी बोट असायचा, कधी आगगाडी, कधी बंदूक, आणि शेजारच्या पोरीच्या भातुकलीत नवऱ्याची गरज पडली की नवरा. तिथं त्याला फक्त आडवं पडून राहावं लागायचं. पाळी करून आलेला नवरा घरात दुसरं काय करतो, हे तिनं बघितलेलंच होतं.

बाबिनीचा रणगाडा मात्र आण्णांनी स्वतः करून दाखवलेला. नव्या पोरांसाठी कृती देतो, कारण अजूनही दोऱ्याच्या रिळाचा होतो. बाबीन आखूड हवी, आरपार भोक असलेली आणि दोन्ही टोकांना चकती असलेली. चकत्यांच्या कडांना सुरीनं खाचा पाडायच्या, म्हणजे पकड मिळते. भोकातनं सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर ओवायचं. एका बाजूला रबर काडीच्या तुकड्यात अडकवून ती काडी चकतीला पक्की करायची. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची एक चकती कापून, मधे भोक पाडून बसवायची, आणि रबर त्यातनं काढून लांब काडीत अडकवायचं. लांब काडीला पीळ द्यायचा आणि खाली सोडायचं. मेणामुळं पीळ सावकाश सुटतो, म्हणून रणगाडा पळत नाही, चालतो. पोळपाटावर चढतो. आमच्या घरात तो एकदा आजीच्या पानाच्या डब्यावर चढला तेव्हा आजीनं त्याला नमस्कार केला होता.

यांत्रिकीकरण म्हणतात ते मी पहिलं तिथं बघितलं. खर्च शून्य, फक्त घरातली मेणबत्ती दर महिन्याला आखूड होत जायची आणि आईला वाटायचं, उंदीर खातात.

याशिवाय चिंध्यांचा चेंडू. आत चिंध्या घट्ट दाबायच्या, वरनं ट्यूबच्या रबरी कड्या चढवायच्या. पाण्यात पडला की असा जड व्हायचा की झेल घेणाऱ्याची बोटं सुजायची. सोड्याच्या बाटलीचे बिल्ले दगडानं ठेचून, दोन भोकं पाडून, दोरा ओवून केलेली भिंगरी. गणपतीच्या कारखान्यांतनं उरलेली शाडू माती. लालबाग-परळला मूर्तीचे कारखाने भरपूर, मूर्तिकाराला चहा आणून दिला की मूठभर शाडू मिळायची.

आणि सगळ्यात मोठा बाजार सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांचा. रस्त्यावर रिंगण आखायचं, मधे पाकिटं ठेवायची, लांबनं फरशीचा चपटा तुकडा मारून ती रिंगणाबाहेर काढायची. निघतील ती आपली. प्रत्येक पाकिटाला किंमत. चारमिनार सगळ्यात स्वस्त, कारण गिरणगावात गल्लोगल्ली पडलेली. पनामा त्याच्यावर. विल्स म्हणजे मोठी नोट. मालाची आवक जास्त तर दर कमी, हे मला कुठल्या बाजार समितीनं नाही शिकवलं. चारमिनारनं शिकवलं.

आता मुद्द्यावर येतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं, अशा मागण्या. मी पाचवीत. संक्रांतीला चारच दिवस झालेले, तिळगूळ अजून डब्यात होता. खरं सांगतो, आम्हा पोरांना पहिला महिना-दीड महिना मजाच वाटली. एरवी आण्णा दिसायचे कुठं? पाळीला गेलेले नाहीतर झोपलेले. आता दिवसाउजेडी बाप घरात! संध्याकाळी सभेला जायचे, पण दुपारी मोकळे. वर्तमानपत्राचे पतंग करून दिले, भोवऱ्याला नवीन आर ठोकून दिली, जाळी कशी गुंडाळायची ते शिकवलं. आमच्या आख्ख्या मजल्यावर बाप लोक पोरांच्यात बसून गोट्या खेळायचे. हरले की चिडायचे. सगळ्यांना वाटत होतं, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल.

घरात पैशाबद्दल कुणी आमच्यासमोर बोलायचं नाही. आई-आण्णा रात्री हळू आवाजात बोलायचे. दहा बाय बाराच्या खोलीत हळू आवाज म्हणजे काय, तरी बोलायचे. पण पोरांना सांगावं लागत नाही. आम्हाला खेळण्यांवरनं कळलं.

पहिल्यांदा माल बंद झाला. कांडी नाही, कोन नाही, बेरिंग नाही. गिरणीच बंद तर भंगार कुठनं येणार? कांडी हरवली की रड सुरू. मेकॅनिकच्या भाच्याचं राज्य गेलं. त्याच्या गाडीचं एक बेरिंग फुटलं, ते मिळेचना, मग ती गाडी दोन बेरिंगांची झाली आणि शेवटी तिच्या फळीचं पाट म्हणून घरात काम सुरू झालं.

मग चारमिनारचा भाव वाढला. तुम्हाला खोटं वाटेल, पण पावसाळ्याच्या आत आमच्या रिंगणात एका पनामाला एक चारमिनार असा दर झाला. कारण सरळ होतं. सिगारेट ओढणारी माणसं विडीवर आली, विडी ओढणारी अर्ध्या विडीवर. रस्त्यावर पाकीटच पडेना. विल्सचं पाकीट तर कुणी बघितलं की पोरं त्या माणसाच्या मागनं पाक भारतमाता टॉकीजपर्यंत जायची, कधी टाकतोय म्हणून. अर्थशास्त्राचा एखादा मास्तर तेव्हा आमच्या गल्लीत उभा राहिला असता तर त्याला आकडे बघायची गरज पडली नसती.

१८ ऑगस्टला तर मुंबईच्या पोलिसांचंच आंदोलन झालं. गिरणगावात दगडफेक, जाळपोळ झाली, लष्कर बोलावलं. घराबाहेर जाऊ देत नव्हते, म्हणून आम्ही गॅलरीत चोर-पोलिस काढला. पण पोलिस व्हायला कोणी तयार होईना. जो तो म्हणे, मी संपावर आहे. शेवटी सगळेच चोर झालो आणि पळायला जागा नाही म्हणून खेळ मोडला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं. रंगीत टीव्ही त्या निमित्तानं आला. आमच्या चाळीत एकच टीव्ही, तोही काळा-पांढरा, त्याच्यासमोर पन्नास माणसं. एशियाडचं चिन्ह अप्पू हत्ती. गिरगावात माझी आत्या राहायची. तिचे यजमान नोकरीला, महिन्याला पगार येणारा. त्यांच्या घरी अप्पूचं विकतचं खेळणं आलेलं. मी ते बघून आलो आणि आपला अप्पू करायला घेतला. शाडूचं अंग, सोंडेला कागदी कोनाचं टोक, माझ्याकडचा शेवटचा कोन. सोंड एवढी मोठी झाली की हत्ती पुढं तोंडावर पडायचा. मग त्याला मागं वजन म्हणून शेपटीला एक मोडकी कांडी लावली. माझा अप्पू शेतातल्या नांगरासारखा दिसत होता. पण आतेभावानं त्याचा अप्पू देऊन हा मागितला होता, हे लिहून ठेवतो. त्याच्या अप्पूला कुणी हात लावू देत नव्हतं, नुसता कपाटावर ठेवलेला.

मोजायला बसलो तर त्या वर्षातलं सगळ्यात लक्षात राहिलेलं म्हणजे दिवाळी. मुंबईच्या चाळीत दिवाळीला पोरं मातीचा किल्ला करतात. दगड-विटा रचायच्या, वर पोतं, त्यावर चिखल. महाराज आणि मावळे विकत आणायचे. त्या साली पगार नाही तर बोनस कुठला. आम्ही सात-आठ पोरांनी वर्गणी काढली, त्यात फक्त महाराज आले. मावळ्यांना पैसे उरले नाहीत. मग मावळे म्हणून बॅटरीचे संपलेले सेल उभे केले, वर चिंधीचं पागोटं. तोफा म्हणजे कांड्या. महाराज सिंहासनावर आणि समोर एका रांगेत चौदा एव्हरेडी. बघायला आलेला एक म्हातारा कामगार म्हणाला, सैन्य चांगलं आहे रे, पगार मागायचं नाही.

किल्ल्यावर हिरवळ हवी म्हणून धान्य पेरतात. मोहरी, अळीव, नाचणी, जे मिळेल ते. दरवर्षी आई मूठभर सहज द्यायची. त्या वर्षी मी मागायला गेलो तर ती काहीच बोलली नाही. डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं. मी निघालो. तर मागनं हाक मारली आणि चिमटीत धरून मोहरी दिली. मूठभर नाही, चिमूटभर. म्हणाली, "दाट पेरू नको. एकेक दाणा टाक."

मी एकेक दाणा टाकला. बोटानं खळगा करायचा, दाणा ठेवायचा, वरनं माती. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. तीन-चार दिवसांत उगवण झाली. विरळ पेरल्यामुळं एकेक रोप ठसठशीत. बाजूच्या चाळीतल्या किल्ल्यावर दाट हिरवळ होती, पण पिवळी पडून चार दिवसांत बसली. आमची टिकली. मंडळी, मी आज कुणाला बियाण्याचं प्रमाण सांगतो, अंतर सांगतो, टोकणीचं महत्त्व सांगतो, त्याची पहिली शिकवण लालबागच्या गॅलरीत झाली आहे. माझं पहिलं पीक गिरणगावातलं. आणि दिवाळी झाल्यावर ती कोवळी मोहरी आईनं उपटून भाजीत टाकली. उत्पादन शंभर टक्के घरी वापरलं.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरत गेला. काही गिरण्या सुरू झाल्या, काही झाल्या नाहीत. काही कामावर परतले, पुष्कळांना परत घेतलं नाही. आमचे आण्णा त्या पुष्कळांतले. आई खानावळीच्या पोळ्या लाटायची, मसाले कुटून द्यायची. गावाकडनं ज्वारी यायची त्याच्यावर भागायचं.

चाळ रिकामी होऊ लागली. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याला, कुणी सांगली-कोल्हापूरला. आता एक गोष्ट सांगतो. खोली सोडून जाताना सामान बांधायचं असायचं, त्यात पोरांच्या गोट्यांना जागा नसायची. मग ते पोरगं जाताना आपल्या गोट्या मागं राहणाऱ्याला देऊन जायचं. आम्ही राहिलो बरेच दिवस. त्यामुळं माझ्याकडं गोट्या जमत गेल्या. सोड्याच्या बाटलीतल्या हिरवट, दुधी, आत रंगीत पान असलेल्या, सगळ्या. एकेकाळी एका गोटीसाठी मारामारी केलेली, आणि आता डालड्याचा डबा काठोकाठ भरला. गल्लीतला सगळ्यात श्रीमंत पोरगा मी. पण रिंगणासमोर बसायला माणूस नव्हता. डबा हलवला की आवाज मोठा यायचा, तेवढाच खेळ.

तो कोनातनं भोंगा देणारा पोरगा शेवटी-शेवटी गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं गॅलरीत उभं राहून एकदा भोंगा दिला. शेजारची गिरणी बंदच होती, तिचा भोंगा किती दिवसांत ऐकलेला नव्हता. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडणार. तर तेच रात्रपाळीवाले काका दारात आले. म्हणाले, "परत एकदा वाजव."

१९८४ च्या उन्हाळ्यात आम्हीही गावी आलो. डबा मी खालच्या मजल्यावरच्या पोराला दिला.

गावात आल्यावर मी अडाणी ठरलो. इथली पोरं ज्वारीच्या ताटाची बैलगाडी करायची. आतला भेंड मऊ, तो कापून चाकं, बाहेरच्या टणक सालीच्या काड्या करून आख आणि जू. हत्यार लागत नाही, दातानं सोलायचं. मला ते जमेना, ओठ कापले. पोरं मला "भोंगा" म्हणायची, कारण मी लालबागचा भोंगा काढून दाखवला होता. बेंदराला कुंभाराकडनं मातीचे बैल यायचे, पण आमची तेवढीही ऐपत नव्हती. मग मी ओढ्याची माती आणून स्वतः बैल केले. शाडूवर हात बसलेला होता. पहिल्या बेंदराला माझे बैल बघून पोरांनी मला ताटाची गाडी शिकवली. बदल्यात मी रिळाचा रणगाडा शिकवला. तो आमच्या वाडीत दोन वर्षं चालला. मेणबत्त्या इथंही आखूड झाल्या.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती आजवर खरी ठरली आहे. गरिबाघरच्या पोराचं खेळणं म्हणजे बापाच्या धंद्यातनं सांडलेला माल. गिरणी असेल तर कांडी, शेत असेल तर ताट, सुतार असेल तर ढलपी. त्यामुळं धंद्याला काय झालंय ते पोराला आधी कळतं. आपण हळू आवाजात बोलतो, ते खेळण्यावरनं ऐकतं.

आता माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला जत्रेतनं जेसीबी आणलेला, रिमोटचा. त्याचा पुढचा हात दुसऱ्या दिवशी निखळला, आता तो नुसता मागं-पुढं जातो, तलाठ्याच्या फेरफारासारखा. खरा खेळ चालतो तो गोठ्याच्या मागं. ठिबकच्या लॅटरलचे तुकडे म्हणजे त्याचे रस्ते आणि पूल. जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप म्हणजे माणसं. रोपांचा जुना ट्रे म्हणजे मोठी इमारत, एकेका खणात एकेक कुटुंब. मी त्याला विचारलं, ही कुठली बिल्डिंग? म्हणाला, मुंबईतली. एका खणात त्यानं सात ग्रोमेट कोंबलेले. आमच्या खोलीचा त्याला कुणी हिशोब सांगितलेला नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा बाजार चालू होता. मातीची ढेकळं म्हणजे आलं, पायपाचा तुकडा म्हणजे फोन. मी आपला गंमत म्हणून शेतकरी झालो आणि विचारलं, काय दर आहे आज? त्यानं पायप कानाला लावला, थोडा वेळ गप्प राहिला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आज दर नाय. थांबा आठ दिवस." हुबेहूब आवाज. मी हसलो, घरातले सगळे हसले. मग त्यानं पायप दुसऱ्या कानाला लावला. तेव्हा मात्र माझं हसू थांबलं, कारण हे त्यानं माझ्याकडनं उचललं होतं.

म्हणून त्या रात्री मी त्याच्यासमोरच त्याच्या बापाशी नेहमीच्या आवाजात बोललो. औंदा दर कमी आहे, उधारी कशी भागवायची, काय खर्च टाळायचा, काय टाळायचा नाही. त्याला सगळं कळलं असेल असं नाही. पण हळू आवाजापेक्षा ते बरं. आमच्या आई-आण्णांनी आम्हाला जपण्यासाठीच लपवलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही पोरं मात्र रात्री जागे राहून अर्धं ऐकायचो आणि उरलेलं अर्धं मनानं भरायचो. मनानं भरलेलं नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतं.

आणि आता कामाचं. हे सगळ्यांनी वाचा, गोष्ट नाही वाचली तरी चालेल.

नातवाच्या त्या बाजारात एक गाडी होती. चाकं कसली? औषधाच्या बाटल्यांची रंगीत झाकणं. लाल, निळी, हिरवी. ती मी काढून घेतली आणि तो रडला. रडू दे. आपल्या वेळी धंद्यातनं सांडायची ती लाकडाची कांडी आणि ज्वारीचं ताट होतं. तोंडात घातलं तर फार तर ओठ कापायचा. आता आपल्या धंद्यातनं सांडतंय ते कीटकनाशक, तणनाशक. झाकणाच्या आतल्या आट्यांत औषध राहतं. पोरगं तेच हात तोंडात घालतं.

तेव्हा औषध पंपात ओतून बाटली रिकामी झाली की लगेच ती तीन वेळा विसळा, ते पाणी पंपाच्या टाकीतच ओता, आणि बाटलीला भोक पाडा म्हणजे कुणी पाण्याला, तेलाला वापरणार नाही. झाकणासकट पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. बांधावर, ओढ्यात, विहिरीजवळ टाकू नका, चुलीत जाळू नका. पेजवर कृषी खात्यातले, कृषी महाविद्यालयातले बरेच जण आहेत. तुमच्या भागात रिकामे डबे परत घेणारी सोय असेल तर पत्ता इथं टाका, चार घरांचं भलं होईल.

नातवाला मी त्या चाकांच्या बदल्यात कांडी दिली. आण्णांनी मुंबईहून येताना दोन आणलेल्या. एकीवर आजही गादीवाफे आखायची दोरी गुंडाळलेली असते. चाळीस वर्षं रानात आहे, लाकूड गुळगुळीत झालंय, पण दोरीला गुंता होऊ देत नाही. दुसरी माळ्यावर होती, ती त्याला दिली. त्यानं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "याला चार्जिंग कुठं असतं?"

तुमच्या अंगणात पोरं काय घेऊन खेळतात ते जरा बघा, आणि खाली लिहा. तुमच्या लहानपणी काय होतं तेही लिहा. रणगाड्याची कृती जमली तर फोटो टाका. मेणबत्तीचं घरात कुणी विचारलं तर उंदरांवर ढकला.